बीएलओच्या मीटिंगला गेले, शाळेत 'अनधिकृत गैरहजर'. माफीनामा द्यावा का?

दोनशिक्षकी

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३१. प्रभारी मुख्याध्यापिकाही मीच, म्हणजे पगार उपशिक्षिकेचा आणि कपाटाच्या चाव्या सगळ्या माझ्या पर्समध्ये. त्यात गेल्या वर्षापासून बीएलओ, म्हणजे मतदारयादीच्या कामाला नेमलेली.

झालं असं. सोमवारी रात्री पावणेदहाला तहसीलच्या ग्रुपवर मेसेज पडला, "अत्यंत तातडीचे. उद्या दु. १२ वा. आढावा बैठक. गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई." माझे सहकारी सर वैद्यकीय रजेवर. मंगळवारी शाळा उघडली, परिपाठ घेतला, तिसरी-चौथीला फळ्यावर गुणाकाराची दहा गणितं दिली, पहिली-दुसरीला चित्रं रंगवायला बसवलं. आहार शिजवणाऱ्या ताईंना म्हटलं, "अडीचपर्यंत येते, तोवर जरा बघा." आणि एसटी पकडली.

बैठक सुरू झाली सव्वा वाजता. तोवर इकडे शाळेत विस्तार अधिकारी येऊन गेले होते. शेरेबुकात शेरा: "मुख्याध्यापिका अनधिकृत गैरहजर, विद्यार्थी वाऱ्यावर." ताईंनी त्यांना सांगितलं, बाई मीटिंगला गेल्यात. तर म्हणाले, कुठे लिहिलंय? लिहिलेलं कुठेच नव्हतं.

आता कारणे दाखवा नोटीस आलीय, खुलाशाला तीन दिवस, त्यातला एक गेला. आमच्या शाळांचे केंद्रप्रमुख म्हणतात, "मॅडम, चार ओळींचा माफीनामा लिहा, विषय मिटवू." संघटनेच्या तालुका पदाधिकाऱ्यांना तीनदा फोन केला, उचलला नाही. वर्गणीची पावती फाडायला मात्र दिवाळीआधी घरी आले होते. पुढच्या जूनमध्ये माझी १२ वर्षं भरतात, चटोपाध्यायचा, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणीचा, प्रस्ताव जाईल. त्याची जास्त भीती वाटतेय. काय लिहू?

घाटमाथा

कसला माफीनामा! शिक्षण हक्क कायदा, कलम २७ : शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओचं रजिस्टर तहसीलदारांच्या टेबलावर ठेवा आणि शाळेत जाऊन शिकवा. सगळ्यांनी एकदम ठेवलं तर काय करणार आहेत?

माजी सरचिटणीस

घाटमाथा, सगळे एकदम ठेवत नाहीत हो. मी नऊ वर्षं तालुक्याचा सरचिटणीस होतो. मोर्चाला दोनशे जण येतात आणि नोटीस एकट्याच्या घरी येते. शिवाय कलम २७ शेवटपर्यंत वाचा. त्यात तीन कामांना सूट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसदेच्या निवडणुकांची कामं. मतदारयादीचं काम यात कितपत बसतं यावर भांडता येतं, पण काम टाकून देऊन भांडू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३२ मध्ये यादीच्या कामात कसूर केल्यास किमान तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. तो भोगायला संघटना येत नाही.

आता बाई, तुमचं. माफीनामा लिहू नका. केंद्रप्रमुख वाईट माणूस असेल असं नाही, त्यालाही फाईल बंद करायचीय. पण 'माझी चूक झाली, पुन्हा गैरहजर राहणार नाही' हे वाक्य तुमच्या सहीनं गेलं की 'अनधिकृत गैरहजर' हे तुम्हीच कबूल केलंत. मग तो दिवस विनावेतन होईल, गोपनीय अहवालात उतरेल, आणि वरिष्ठ श्रेणीच्या प्रस्तावाला हेच अहवाल लागतात. आमच्या तालुक्यात एका गुरुजींनी अशाच चार ओळी लिहिल्या होत्या. निवड श्रेणीच्या (वरिष्ठच्या पुढच्या वेतनश्रेणीच्या) वेळी, म्हणजे सेवेची २४ वर्षं भरल्यावर, त्या कागदाची झेरॉक्स टेबलावर आली. कागद मरत नाही.

खुलासा लिहा. पहिलंच वाक्य असं: "दि. अमुक रोजी मी गैरहजर नव्हते; मतदार नोंदणीच्या शासकीय कर्तव्यावर होते." त्याच १९५० च्या कायद्याचं कलम १३ सीसी टाका. यादीच्या कामावर नेमलेला कर्मचारी त्या कामापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर मानला जातो आणि आयोगाच्याच शिस्तीखाली असतो. म्हणजे त्या दुपारी तुमचे साहेब वेगळे होते. हे सौम्य भाषेत लिहा, पण लिहा.

सोबत जोडायचं ते: बीएलओ नियुक्तीचा आदेश, मेसेजचा स्क्रीनशॉट (पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा), बैठकीच्या उपस्थिती पत्रकाची प्रत. ही प्रत आजच जाऊन मागा, आठवड्यानं ते पत्रक कुठल्या गठ्ठ्यात जाईल देव जाणे. एसटीचं तिकीट फेकलं नसेल तर तेही लावा. अर्धं तिकीट असलं तरी त्यावर वेळ छापलेली असते.

एक कडू गोष्ट सांगतो, राग मानू नका. ३१ पोरं ताईंवर सोडून जाणं ही तुमची कच्ची बाजू आहे. चूल पेटलेली, मोठं पातेलं उकळतंय आणि पहिलीतली पोरं मोकळी. तेवढ्या वेळात काही घडलं असतं तर नोटिशीवर भागलं नसतं. म्हणून ही बाजू लपवू नका, तिचं कारण द्या: दुसरे शिक्षक रजेवर, बदली शिक्षक दिलेला नाही, बैठकीची सूचना आदल्या रात्री आलेली. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. एक रजेवर आणि एक तहसीलला, तर वर्गावर कोण? हा प्रश्न तुम्ही विचारायचा, त्यांनी तुम्हाला नाही.

दोनशिक्षकी

सर, राग कसला. त्या रात्री मला झोप लागली नाही ती नोटिशीमुळे नाही, त्या पातेल्यामुळेच. पण मग मी जायलाच नको होतं का? गेले तर हे, न गेले तर ते.

माजी सरचिटणीस

जायचं, पण आधी चेंडू त्यांच्या अंगणात टाकून. रात्री पावणेदहाला मेसेज आला ना? पावणेदहा वाजून पाच मिनिटांनी तोच मेसेज केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी दोघांना पुढे पाठवायचा. खाली एक ओळ: "सहकारी शिक्षक रजेवर आहेत. बैठकीस जावे की शाळेत थांबावे, कृपया मार्गदर्शन व्हावे." उत्तर येणार नाही. येऊ नयेच. तुमचा कागद तयार झाला. सकाळी हालचाल रजिस्टरला वेळ टाकून नोंद करायची आणि मगच निघायचं.

आणि दुसरं पत्र तहसीलला, मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या नावे. सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे, निवडणूक आयोग आणि दिल्लीच्या एका शाळेच्या प्रकरणातला. त्यात सांगितलंय की यादी पुनरीक्षणाचं काम शिक्षकांना सुटीच्या आणि बिगर-अध्यापनाच्या दिवशी द्यावं, सर्वसाधारणपणे अध्यापनाच्या दिवशी शाळेच्या वेळेत देऊ नये. तुम्ही काम नाकारत नाही, वेळ मागताय. मतदार नोंदणीचे अर्ज, नमुना ६, ७, ८ घेऊन रविवारी दारोदार फिरायला तयार आहे, मंगळवारी बाराला बोलावू नका, एवढंच.

(आपले शिक्षक आमदार काय करतात असं कुणी विचारायच्या आत सांगतो: प्राथमिक शिक्षकाला शिक्षक मतदारसंघात मतच नाही. निम्म्या पोरांना हे नोकरीला लागून दहा वर्षं झाली तरी माहीत नसतं.)

जावक क्रमांक

पंचायत समितीत २६ वर्षं लिपिक होतो, निवृत्त. सरांचं सगळं बरोबर, माझी लहानशी भर. खुलाशावर शाळेचा जावक क्रमांक टाका आणि दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा मॅडम, साहेब आले की देतो" हे मीच हजार वेळा म्हटलंय. त्यातले किती कागद साहेबांपर्यंत गेले हे विचारू नका. पोच देत नसतील तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती फाईलला.

शेरेबुकाच्या त्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा.

आणि उन्हाळ्याच्या सुटीत बीएलओचं काम केलं असेल तर तसा आदेश आणि कार्यमुक्तीचं पत्र जपा. दीर्घ सुटी उपभोगू दिली नाही तर त्या प्रमाणात अर्जित रजा सेवापुस्तकात जमा होते, पूर्ण सुटी बुडाली तर ३० दिवस. मागितली तरच होते. मी स्वतः किती जणांची चढवली ते बोटांवर मोजता येईल, कारण अर्जच येत नव्हते.

घाटमाथा

कलम ३२ मला माहीत नव्हतं. मागे घेतो. पण ते रजिस्टर टेबलावर ठेवायची इच्छा मागे घेत नाही.

दोनशिक्षकी

सगळ्यांचे आभार. काल खुलासा दिला, दीड पान. उपस्थिती पत्रकाची प्रत मिळाली, त्यात माझी सही सातव्या ओळीत. तिकीट पर्सच्या कप्प्यात होतं, शाई पुसट झालीय पण वेळ वाचता येते, ११.२०. खिडकीवर "ठेवून जा मॅडम" झालंच. मी हसले. त्यांना वाटलं वेडी आहे. पोच मिळाली.

संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आज सकाळी आला. म्हणाले, "ताई, आधी सांगायचं ना."

नोटिशीचं पुढे काय होतं ते इथे कळवीन. मात्र आत्ताच तहसीलहून पुढच्या बैठकीचं पत्र आलंय. सहीशिक्क्यानिशी, चार दिवस आधी. वार मंगळवारच, वेळ बाराचीच. सहकारी सर त्या दिवशी हजर असणार आहेत, त्यामुळे जाईन. हे पत्र आवक रजिस्टरला नोंदवून त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच द्यावी ना?

जावक क्रमांक

आधीच. आणि पोच घेऊन.