सरकारचं कर्ज वाढलं, तर माझ्या किराण्याला काय?

मालवा_मिलवाला
मालवा मिलजवळ किराण्याचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. बाबांचा नियम एकच: उधारीवर माल आणावा, पंगत घालू नये. परवा बजेटचे आकडे चाळले. २०२५-२६ च्या अंदाजात केंद्राचा खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. रुपयातले चार आणे! माझ्या गल्ल्यातून एवढे गेले तर दिवाळीआधी शटर पडेल. सरकारचं का पडत नाही? सोप्या मराठीत सांगा, इंदुरी असली तरी चालेल.

निवृत्त_बँकवाला
भिया, दुकानदाराला कधीतरी मुद्दल फेडावंच लागतं. सरकार जुना रोखा, म्हणजे लोकांकडून घेतलेल्या कर्जाचा कागद, मुदतीला आला की नवा काढतं. बघायचं ते कर्ज जास्त धावतंय की कमाई.

एखाद्या बिलाच्या पाठीवर मांडून बघा. देशाचं उत्पन्न १००, कर्ज ५६, व्याज ७ टक्के. व्याजही उधारीनंच भरलं, तर वर्षाअखेर कर्ज ६० च्या घरात. उत्पन्न महागाई धरून १० टक्के वाढलं तर ११०. आता कर्जाचं प्रमाण साडेचोपन्न, म्हणजे ओझं उलट हलकं झालं. उत्पन्न ५ टक्केच वाढलं तर तेच ५७. कोरोनात नेमकं हेच उलटलं: २०२०-२१ मध्ये उत्पन्न आक्रसलं आणि केंद्राची तूट उत्पन्नाच्या ९.२ टक्क्यांवर गेली.

पण फुकट काही नसतं. बँकेला शंभर रुपये ठेवींमागे १८ रुपये सरकारी रोख्यांसारख्या गोष्टींत ठेवावेच लागतात. त्यावरही सरकार बिनधोक व्याज देत असेल, तर छोट्या माणसाची फाईल कोण उघडतो? माझ्या टेबलावर एका पीठगिरणीवाल्याचा अर्ज दोन पावसाळे पडून होता. नवी चक्की घ्यायची होती बिचाऱ्याला. आमच्या वरच्यांनी त्याच्या शंभरपट रक्कम एका सकाळी रोख्यांत टाकली, चहा गार व्हायच्या आत. वाढ अशी खुंटते, गुपचूप.

आणि पैसा कशात गेला तेही बघा. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं! त्याच पैशातून पातळपाणीचा घाट फोडला गेला आणि माळव्याचा माल मुंबईच्या वाटेला लागला. ह्याला म्हणतात उधारीवर माल आणणं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

अर्थशास्त्रवाली_ताई
काका, हिशेब पटला. एक भर घालते. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं, की कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ शून्याखाली जाते. जगभर काटकसरवाल्यांनी ते उचलून धरलं. २०१३ मध्ये एका विद्यार्थ्यानं त्यांची एक्सेलची फाईल तपासली, तर सरासरीत पाच देश घ्यायचेच राहिले होते! बाकीच्या चुकाही सुधारल्यावर उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. जपानचं कर्ज उत्पन्नाच्या दुपटीवर आहे, पण ते त्यांच्याच चलनात, बरंचसं घरच्याच लोकांकडून घेतलेलं. श्रीलंकेचे हात २०२२ मध्ये टेकले ते डॉलरच्या कर्जापायी. म्हणून आकडा किती यापेक्षा देणं कुणाचं आणि कुठल्या चलनात, हे मी वर्गात आधी विचारते.

मालवा_मिलवाला
काका, ताई, आभार. पंगतीबद्दल मात्र थोडं भांडेन. लाडली बहना या मध्य प्रदेश सरकारच्या योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात आले की आमच्याकडे दोन दिवस तेलाचे डबे पुरत नाहीत. तो पैसा कर्जाचा असला तरी माझ्या गल्ल्यातून सियागंजच्या ठोकवाल्याकडे जातोच ना?

आणि चहाच्या वेळी बायकोला हे वाचून दाखवलं तर ती हसायला लागली. २०२३ मध्ये इंदूर महापालिकेनं जलूदच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले होते, ८.२५ टक्क्यांचे. नर्मदेचं पाणी वर चढवायला लागणाऱ्या विजेचं बिल कमी व्हावं म्हणून. त्यातले थोडे तिनं घेतलेत, मला न विचारता! दर सहा महिन्यांनी व्याज जमा होतं. मागच्या खेपेला त्यातूनच आमची पाणीपट्टी भरली.