घरात गाडीची स्प्रिंग आलीय. हे संगीत कसं ऐकायचं?

कसब्यातली
मुलगा एकोणीस वर्षांचा, मेकॅनिकलला आहे. रविवारी जुन्या बाजारातून कुठल्याशा गाडीची जाडजूड स्प्रिंग घेऊन आला, साडेतीनशेला. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हापासून फरशीवर ठेवून सळईने बडवतोय. म्हणे बर्लिनचा एक बँड आहे, आइनश्ट्युर्त्सेंडं नॉयबाउटेन, ते असंच वाजवतात. त्यांचा काडीमाणूस खोलीच्या दारावर मार्करने काढलाय, डोक्यात एकच डोळा. आवाजाला मी घाबरत नाही, माझं माहेर तांबट आळीतलं. पण मोबाइलवर ऐकलं तर नुसता कल्लोळ. यात खरंच काही आहे का? असल्यास सुरुवात कुठून करू?

टिपरू
ताई, आहे! नावाचाच अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. १ एप्रिल १९८० ला पश्चिम बर्लिनमध्ये पहिला कार्यक्रम केला. अनरूह नावाच्या वादकाने ड्रम विकून टाकले आणि भंगारातले पत्रे, लोखंड वाजवायला घेतलं. त्याच वर्षी हायवेच्या एका पुलाच्या पोलादी पोकळीत बसून कॅसेट रेकॉर्ड केली. मुलाची स्प्रिंग म्हणजे बँडमधल्याच आइनहाइटची नक्कल, तो मोठी स्प्रिंग वाजवायचा. ३ जानेवारी १९८४ ला लंडनच्या आयसीए या कला-संस्थेत तर स्टेजलाच ड्रिल लावलं होतं.

गायक ब्लिक्सा बार्गेल्ड. तेव्हा काडीसारखा बारीक, काळे कपडे, रबरी गमबूट, अस्ताव्यस्त कापलेले केस, आणि किंकाळी अशी की कुकरची शिट्टी लाजेल. हल्ली मात्र थ्री-पीस सुटात असतो, एखाद्या लग्नातल्या मुलाकडच्यांसारखा. १९८१ चा ‘कोलाप्स’ अल्बम आत्ता लावू नका, पळून जाल. १९८५ च्या ‘हाल्बर मेन्श’चं शीर्षकगीत लावा. त्यात लोखंड नाहीच, नुसते गळे आहेत. मग २००० चा ‘सायलेन्स इज सेक्सी’. त्यात मधे गाणं थांबतं आणि सिगारेट जळल्याची चरचर ऐकू येते. आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा.

सदाशिवकर
आमच्या वरच्या मजल्यावर दोन महिने टाइल्स फोडतायत. तिकीट लावायला हवं होतं, हे आज कळलं.

टिपरू
काका, टाइल्सवाला कधी थांबायचं ते ठरवत नाही, हे ठरवतात. आमच्या पथकात नवा पोरगा येतो, त्याला टोल हाणता येतो लगेच. हात उचलून धरायला शिकवायला महिना जातो.

कसब्यातली
ऐकलं, हेडफोन लावून. गळ्यांचं गाणं दोनदा ऐकलं, अंगावर काटा आला. किंकाळी नाही आवडली, ते स्पष्ट सांगते.

सिगारेटच्या जागी मात्र वडील आठवले. हंडा मठारून झाला की ते बोटाच्या पेराने एकदाच टिचकी मारायचे आणि कान लावून उभे राहायचे. आळीत चहूकडून ठोके चालू, तरी त्यांना त्यातून हंड्याचा आवाज बरोबर ऐकू यायचा. खणखणीत वाजला तर बाजूला ठेवायचे. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. एवढ्या गोंगाटात ते काय ऐकायचे, हा प्रश्न मला लहानपणी कधी पडलाच नव्हता.

मग पोराच्या खोलीत गेले. म्हटलं, अरे, फरशीवर ठेवल्यावर बद्दच वाजणार ती, तिला सुटी टांग. सायकलच्या जुन्या ट्यूबने झोपाळ्याच्या कडीला टांगली. हळूच सळई लावली तर आवाज कितीतरी वेळ विरेना. खालच्या काकूंनी बेल वाजवली, पण तक्रारीला नाही, ‘देवळात नवी घंटा बसवली का’ विचारायला.

आता त्याला ड्रिल हवंय. त्यासाठी वेगळा धागा काढते.