५२० हॉर्सपॉवर, ७२० किलो, ताकद फक्त मागच्या चाकांना: हिलक्लाइम्बची गाडी हंगाम चालू असताना वठणीवर कशी आणायची?

दुसरा_गिअर

आकडे आधीच देतो, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

हिलक्लाइम्बची, म्हणजे चढाच्या रस्त्यावर वेळ लावून पळायची, ट्यूब फ्रेमची सिंगल सीटर, ड्रायव्हर धरून ७२० किलो, त्यातलं ६१% वजन मागे. व्हीलबेस २४५० मिमी. इंजिन २ लिटर टर्बो, १.८ बार बूस्टवर (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) ७००० आरपीएमला ५२० हॉर्सपॉवर. टॉर्क ३८०० ला जेमतेम २८० न्यूटन-मीटर, ५००० ला जवळजवळ पूर्ण ५६०. सहा गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स: पहिला २.६०, दुसरा १.९५, तिसरा १.५०, चौथा १.२२, फायनल ३.६. मागच्या टायरची भाराखालची त्रिज्या २९० मिमी. प्लेटचा एलएसडी (मागच्या दोन चाकांना फार वेगवेगळं फिरू न देणारा डिफरेन्शियल), रॅम्प म्हणजे प्लेटा दाबणारा उतार ड्राइव्हला (थ्रॉटल दिल्यावर) ३० अंश, कोस्टला (थ्रॉटल सोडल्यावर) ४५, प्रीलोड (प्लेटांवरचा कायमचा दाब) ११० न्यूटन-मीटर. स्प्रिंग पुढे १००, मागे १४० न्यूटन प्रति मिमी. दोन्हीकडे चाक १० मिमी हललं की डॅम्पर ८ मिमी हलतो.

आता दुखणं. हेअरपिनमध्ये शिरताना नाक सरळ जातं. एपेक्सनंतर (वळणाच्या सर्वात आतल्या बिंदूनंतर) थ्रॉटल दिला की आधी काहीच होत नाही, मग एकदम मागचं सगळं सुटतं. तिसऱ्या गिअरच्या वळणांत रस्ता थोडा जरी उंचसखल असला तरी मागची चाकं उड्या मारतात. सुरुवातीला व्हीलस्पिन आहेच.

एका वीकएंडला सरावाच्या दोन आणि वेळेच्या दोन, एवढ्याच फेऱ्या मिळतात. हात कुठे घालू? मोठा विंग, मऊ टायर, की आणखी काही?

टॉर्क_आणि_टायर

विंग नंतर. आधी गणित मांडू, कारण तुम्ही आकडे पूर्ण दिले आहेत.

मागच्या एक्सलवर उभ्या गाडीत सुमारे ४३०० न्यूटन भार आहे. गुरुत्वमध्य ३५० मिमी उंचीवर धरला तर जोरात वेग घेताना मागे आणखी हजारभर न्यूटन येतात. टायर गरम असेल आणि घर्षणांक १.४ धरला, तर सरळ रेषेत मागची चाकं साधारण ७५०० न्यूटनचा रेटा जमिनीत उतरवतील. टायर थंड असेल, घर्षणांक १.१ असेल, तर ५६०० च.

आता इंजिन काय देतं ते बघा. ५६० न्यूटन-मीटर, दुसरा गिअर, फायनल, १०% तोटा वजा: चाकावर १२,२०० न्यूटन. तिसऱ्यात ९४०० च्या आसपास. चौथ्यात ७६००. म्हणजे तुमची गाडी चौथ्या गिअरपर्यंत टायरच्या पलीकडेच आहे, आणि हिलक्लाइम्बचा बहुतेक रस्ता दुसऱ्या-तिसऱ्यातच संपतो. वर दुसऱ्यात ३८०० ते ५००० म्हणजे ताशी ५९ ते ७८ किमी, हेअरपिनमधून बाहेर पडतानाचा नेमका वेग. स्टीअरिंग अजून सरळ झालेलं नसतं आणि तेवढ्यात टॉर्क दुप्पट होतो. गाडी सुटणार नाही तर काय?

उलट हिशेब केला तर गरम टायरवर सरळ रेषेत पेलवणारा टॉर्क असा येतो: पहिल्यात २६०, दुसऱ्यात ३४५, तिसऱ्यात ४५०, चौथ्यात ५५०. ही कमाल मर्यादा. वळणात टायरची काही पकड बाजूच्या बलाला जाते, म्हणून दुसऱ्यात सपाट ३४५ ठेवू नका. ४००० ला २५०, ५००० ला ३००, ६५०० ला ३४५ अशी चढती रेघ काढा. वाढत्या वेगाबरोबर टॉर्क हळूहळू वाढला की ड्रायव्हरला पायाने तो पकडता येतो. पेडलचा नकाशाही असाच बनवा: अर्धं पेडल म्हणजे अर्धा टॉर्क. टर्बो इंजिनात खालच्या आरपीएमला बटरफ्लाय (थ्रॉटलची झडप) तिसरा हिस्सा उघडली तरी बहुतेक हवा आत गेलेली असते. त्यामुळे पेडल आणि बटरफ्लाय एकास एक जोडले तर पेडलच्या शेवटच्या अर्ध्या प्रवासात काहीच उरत नाही.

एक व्यावहारिक अडचण. सॉलेनॉइड (बूस्ट सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) बूस्ट वाढवू शकतो, वेस्टगेटच्या (टर्बोला वळसा देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगपेक्षा खाली आणू शकत नाही. आत कितीची स्प्रिंग आहे? थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक?

फायनल ३.६ चा ३.२ करून पळवाट काढू नका. रेटा ११% कमी होतो, पण हेअरपिनमध्ये आरपीएम आणखी पडतात आणि तोच धक्का ताशी ६७ ते ८८ किमीला येऊन बसतो.

शिम_पेटी

टॉर्कचं गणित मान्य, पण क्रम मान्य नाही. या गाडीचा पहिला दोष डिफरेन्शियलमध्ये आहे, बूस्ट त्यावर कळस चढवतो.

११० प्रीलोड आणि ४५ चा कोस्ट रॅम्प घेऊन एवढी हलकी गाडी हेअरपिनमध्ये वळणारच नाही. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला बघतात आणि नाकाला सरळ ढकलतात. मग ड्रायव्हर काय करतो? स्टीअरिंग जास्त फिरवतो, थांबतो, आणि उशिरा थ्रॉटल देतो, तेही चाकं वळलेली असताना. तिथे ३० चा ड्राइव्ह रॅम्प दोन्ही चाकं एकत्र लॉक करतो, दोन्ही एकदम घसरतात, आणि गाडीला बाजूने धरून ठेवणारं काहीच उरत नाही. तुम्ही दोन दुखणी लिहिली आहेत, मूळ एकच आहे.

ड्राइव्ह ४५, कोस्ट ८० चा रॅम्प घाला, प्रीलोड ५० ते ६० वर आणा. कोन जितका लहान तितकं लॉकिंग जास्त, हे ऑर्डर देताना ध्यानात ठेवा. बऱ्याच प्रेशर रिंग दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या कोनाच्या असतात, तुमच्या रिंगमध्ये ४५ आधीच आहे. उलटी बसवली तर ड्राइव्ह ४५, कोस्ट ३० होईल आणि शिरताना गाडी आणखी अडेल. म्हणून नवी रिंगच लागेल.

प्रीलोड मोजायची पद्धत: गिअर न्यूट्रलमध्ये, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. उचललेल्या चाकाच्या हबवर टॉर्क रेंच लावून सावकाश फिरवा. फिरणं सुरू होतानाचा झटका सोडून द्या, चाक फिरत असताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा लिहा. तेल कोमट असताना मोजा आणि दर वेळी त्याच तापमानाला, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. शिमची (पातळ चकतीची) जाडी ०.१ मिमीने बदलली तरी प्रीलोड बराच हलतो, म्हणून अंदाजाने शिम काढू नका.

नव्या प्लेटा बसवल्यावर मोकळ्या जागेत आठ आकडे काढत सावकाश चालवा, दोन्ही दिशांना सारखे, मग ते तेल काढून नवं भरा. तेल एलएसडीचंच हवं. साध्या गिअर तेलावर प्लेटा चिकटून सुटतात आणि कडकड आवाज येतो.

दुसरा_गिअर

वेस्टगेटची स्प्रिंग १.० बारची, सॉलेनॉइड तीन पोर्टचा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. मागचा टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) शून्य, गाडी उभी असताना मोजलेला. बंप स्टीअर (चाक वर-खाली होताना टो बदलणं) पुढे मोजला आहे, मागे मोजलेला नाही. टायर चारही एकाच कंपाउंडचे, थंड दाब १.३ बार.

नोंदवही

मागे बंप स्टीअर मोजलेला नाही, तर बाकी सगळं थांबवून आधी तेच करा. गॅरेजमध्ये होतं, एकही फेरी खर्च होत नाही.

स्प्रिंग काढा, डॅम्पर सैल ठेवा, चाकाच्या जागी सपाट पट्टी बांधा. नेहमीच्या उंचीपासून ३० मिमी वर आणि ३० मिमी खाली, दर ५ मिमीला टो लिहा. २५ मिमी दबल्यावर टो अर्ध्या मिमीपेक्षा जास्त बदलत असेल तर टो-लिंकच्या आतल्या टोकाखाली शिम घालून उंची बदला. ही ताकद मागून दाबते तेव्हा मागचा भाग खाली बसतो. त्या क्षणी चाकं टो-आउटकडे (पुढच्या कडा बाहेर) गेली तर गाडी अगदी तुम्ही लिहिलंय तशी सुटते, आणि माणूस महिनोन् महिने बूस्टला दोष देत बसतो. उभ्या गाडीत मागे प्रत्येक बाजूला १ ते १.५ मिमी टो-इन ठेवा. शून्य टो या ताकदीला चालत नाही. रॉड-एंडही (लिंकच्या टोकांचे सांधे) हाताने हलवून बघा. अर्ध्या मिमीचा खुळखुळाट तिथे असेल तर वरचं सगळं मोजमाप वाया.

आता उड्या. १४० च्या स्प्रिंगवर ०.८ चा रेशो म्हणजे चाकाशी ९० न्यूटन प्रति मिमी. मागे एका कोपऱ्यावर सुमारे १९० किलो वजन स्प्रिंगवर धरलं तर फ्रीक्वेन्सी ३.५ हर्ट्झ येते. ही सपाट सर्किटची आणि भरपूर डाउनफोर्सची फ्रीक्वेन्सी आहे, चढाच्या रस्त्याला ती झेपत नाही. २.७ हर्ट्झवर यायला मागे ८५ ची स्प्रिंग लागते. पुढे ७० च्या आसपास ठेवा. स्प्रिंग बदलली की रिबाउंडही (डॅम्पर परत उघडतानाचा विरोध) सैल करा. आधीचा रिबाउंड नव्या स्प्रिंगला जास्त पडतो, लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खालीच बसत जाते आणि तेव्हाही चाक जमीन सोडतं. डॅम्परवर झिप-टाय बांधून फेरीनंतर बघा. प्रवास संपत असेल तर ठोकर लागण्याआधी काम करणारा बंप रबर लावा. त्यासाठी स्प्रिंग पुन्हा कडक करू नका.

टायरचा दाब १.३ एवढ्या हलक्या गाडीला जास्त आहे. १.० ने सुरुवात करा. तापमान सुईच्या पायरोमीटरने, रबरात २-३ मिमी आत, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी, वर पोचल्या पोचल्या घ्या. खाली परत येईपर्यंत थांबलात तर आकडा निरुपयोगी. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर दाब अजून उतरवा. माझी अटकळ अशी की तुमचे पुढचे टायर शेवटच्या वळणापर्यंत थंडच राहत असणार. पुढे फक्त ३९% वजन, चालवणारी चाकं नाहीत, फेरी छोटी. स्टार्टला मागचे टायर जाळून गरम करता येतात, पुढचे नाही. म्हणून पुढे एक पायरी मऊ कंपाउंड. नाक सरळ जाण्यात याचाही वाटा आहे, सगळा दोष डिफवर नको.

टॉर्क_आणि_टायर

शून्य टो वाचल्यावर मीही नोंदवहींच्या बाजूने. आधी भूमिती, मग डिफ, मग बूस्ट.

बूस्टसाठी: १.० बारच्या स्प्रिंगवर सुमारे ४०० न्यूटन-मीटर तर येणारच, दुसऱ्या गिअरच्या मर्यादेच्या वर. ०.६ ची स्प्रिंग घाला, तळ ३२० च्या आसपास येईल. पण ०.६ ची स्प्रिंग तीन पोर्टच्या सॉलेनॉइडवर १.८ धरणं अवघड, एक्झॉस्टचा दाबच व्हॉल्व्ह उघडतो. चार पोर्टचा घेऊन डायफ्रामच्या वरच्या बाजूलाही दाब द्या. ३२० च्या खालचं काम इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलकडे. गिअरनुसार बूस्ट हा गिअर पोझिशन सेन्सरवर चालतो. तो सेन्सर बिघडला तर ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) सर्वात कमी बूस्ट धरावा, अशी सोय आधीच करून ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल तुमच्या वर्गाच्या नियमांत बसत असेल तरच. बसत असेल तर घसरण ८ ते १२% वर बांधा, आणि पुढच्या चाकांचे सेन्सर त्यासाठी लागतीलच.

एवढ्या ताकदीला कमी पडणारी चीज नेहमी मागची पकडच असते. १९३० च्या दशकात ऑटो युनियनने चढाच्या शर्यतींत मागे जोडचाकं लावली होती ती याचसाठी.

शिम_पेटी

विंगचं उत्तर राहिलं. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १२० ला जेवढा मिळतो त्याचा चौथा हिस्सा ६० ला. हेअरपिनमध्ये विंग तुम्हाला काही देणार नाही. शिवाय मागच्या एक्सलच्या मागे लटकलेला विंग नाक उचलतो, आणि तुमचं नाक आधीच हलकं आहे. आधी पुढे नाक खाली दाबणारी पट्टी, नंतर मागे गर्नी (विंगच्या मागच्या कडेवरची छोटी उभी पट्टी).

फेऱ्या कशा वापरायच्या: टो, स्प्रिंग, डिफ, दाब हे सगळं वीकएंडच्या आधी, मोकळ्या जागेवर चालवून. सरावाच्या पहिल्या फेरीत काहीही बदलू नका, दुसरीत एकच गोष्ट. वेळेच्या फेऱ्यांत फक्त दाब आणि बूस्टचा नकाशा. तुलना एकूण वेळेवर करू नका, हवा आणि रस्ता दिवसभर बदलतात. हेअरपिनच्या बाहेर ५० मीटरवरचा वेग आणि थ्रॉटल पहिल्यांदा पूर्ण उघडला ती जागा, हे दोनच बघा. सुरुवात वेगळी तपासा. ब्रिटनच्या हिलक्लाइम्बमध्ये पहिल्या ६४ फुटांची वेळ स्वतंत्र देतात, तशी तुमच्या लॉगरमध्ये काढता येते.

नोंदवही

लॉगरवर ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशर नक्की ठेवा. चढ आणि वेगवाढ दोन्ही मिळून तेल संपच्या (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या) मागच्या भिंतीवर चढवतात. पकड सुधारली की हा ताण वाढतो, म्हणजे आजवर न दिसलेला खड्डा आता आलेखात दिसेल. पूर्ण थ्रॉटलवर प्रेशर क्षणभर जरी खाली आलं तरी पिकअप (तेल ओढणारी नळी) आणि बॅफल (तेल अडवणारे आडपडदे) बघितल्याशिवाय पुढची फेरी घेऊ नका. फ्युएलला स्वर्ल पॉट (पंपाला अखंड इंधन देणारी छोटी टाकी).

वर पोचल्यावर मिनिट-दीड मिनिट इंजिन आयडलवर ठेवा, लगेच बंद केलं तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळतं. रांगेत उभं असताना इंटरकूलर तापतो, तिथे पंखा लावा. आणि डिफचा प्रीलोड प्रत्येक वीकएंडनंतर मोजा. नव्या प्लेटा सुरुवातीला भराभर बसतात. ५५ वर सुरू केलेला आकडा ३५ च्या खाली आला की डिफ उघडायचा, तेलात चंदेरी भुकटी दिसली तर त्याच्याही आधी.