कोष की कोशित?

एका मजकुराचं मराठी करताना अडखळलो आहे. 'पूर्ण वाढलेली अळी स्वतःभोवती कोष विणते, मग तिचा कोष होतो आणि कोषातून पतंग बाहेर येतो.' यात पहिला कोष म्हणजे घर, दुसरा म्हणजे जीव. तिसरा नेमका कुठला? आणि 'अळी'ऐवजी 'सुरवंट' लिहिलं तर चालेल का?

—

जिवासाठी 'कोशित' हा शब्द आहे, तो वापरा. कोश म्हणजे फक्त बाहेरचं वेष्टन. रेशीमकिड्याची अळी डोकं आठाच्या आकड्यासारखं फिरवत दोन-तीन दिवसांत तो विणते.

हा फरक मला एक कोश कात्रीने अलगद कापला तेव्हा पटला. आत खारकेच्या रंगाचं, हातपाय दुमडून घट्ट बसवल्यासारखं कोशित होतं. बोट लावताच त्याने शेपटाकडचा भाग वळवला. शेजारी चुरगळलेली, वाळकी कात पडली होती. ती अळीची शेवटची कात. म्हणजे आधी कोश विणून झाला, मग आत अळीने कात टाकली आणि त्या कातीखालून कोशित निघालं. त्यामुळे 'अळीचा कोष होतो' हे मला चूकच वाटतं. अळीचं कोशित होतं.

—

व्युत्पत्तीने मात्र फसू नका. कोशात असतं ते कोशित हे खरं, पण बहुतेक फुलपाखरांचं कोशित उघडंच लटकतं, आणि कितीतरी पतंगांच्या अळ्या रेशमाचा कोश न करता मातीत शिरून कोशित होतात. त्या अवस्थेलाही कोशितच म्हणायचं.

आपल्या बोलण्यात हा फरक आहेच. 'तो आपल्या कोषातच असतो', 'कोषातून बाहेर ये' असं म्हणताना कोष म्हणजे भोवतालचं कवच, माणूस नव्हे. श की ष यावर वाद नको, संस्कृतात दोन्ही रूपं आहेत. एका लेखात एकच ठेवा.

—

सुरवंट म्हणजे केसाळ अळी. प्रत्येक सुरवंट अळी असतो, प्रत्येक अळी सुरवंट नसते. रेशीमकिड्याची अळी गुळगुळीत असते, तिला सुरवंट म्हटलं की अंगाला खाज सुटल्यासारखं होतं. परिभाषेतला 'डिंभ' फार व्यापक, बेडकाच्या पिल्लालाही लागतो. इथे अळीच बरी.

'रेशीमकिडा' हे नाव तर अख्ख्या जन्माला अळीवरूनच पडलं आहे, आणि ते रास्तच आहे. चार वेळा कात टाकत, महिनाभरात वजन सुमारे 10,000 पटींनी वाढवते ती अळीच. पुढे पतंग काही खातही नाही.

—

सर्वांचे आभार. वाक्य असं केलं आहे: 'पूर्ण वाढलेली अळी स्वतःभोवती कोश विणते, आत शेवटची कात टाकून कोशित होते, पुढे कोशिताचं कवच फुटून पतंग निघतो आणि तोंडातल्या स्रावाने कोशाचं टोक मऊ करून, ओले चुरगळलेले पंख घेऊन बाहेर येतो.' लांबलं आहे, पण आता कोण कशातून बाहेर येतं ते कळतं.