इरोजन म्हणजे धूप, क्षरण, की नुसतं सरकणं?

सांजवात
अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बॅरिअर आयलंड्सवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. एकाच वाक्यावर तीन दिवस अडकलेय. ही किनाऱ्याला समांतर पसरलेली लांबट, अरुंद वाळूची बेटं. पुढे समुद्र, मागे उथळ खाजण, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रिसॉर्ट, हॉटेलं, बंगले. लेखक म्हणतो, इरोजन ही अडचण इमारत उभी राहिल्यावर सुरू होते, तोवर बेट फक्त जागा बदलत असतं. मी ‘किनाऱ्याची धूप’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘क्षरण’ केलं. मला दोन्ही खटकतात. धुपलेली माती गेली ती गेलीच. इथे वादळी लाटा पुढची बरीच वाळू बेटावरून पलीकडे खाजणाच्या बाजूला नेऊन टाकतात. बेट समुद्राकडून कमी होतं आणि मागच्या अंगाला वाढतं. याला काय म्हणायचं? आणि बॅरिअर आयलंडला ‘रोधक बेट’ सोडून दुसरं काही आहे का?

तळटीप
धूपच ठेवा. ‘जमीन धुपते’, ‘बांध धुपला’ हे कुणालाही कळतं. क्षरणात थेंबाथेंबाने पाझरण्याची छटा आहे, ती समुद्राच्या तडाख्याला शोभत नाही. माझ्या मते धुपणे हे धुण्याशीच जोडलेलं आहे, पाण्याने धुऊन नेणं. देवापुढचा धूप वेगळा.

पाटीपेन्सिल
धुण्यातून ‘प’ कसा आला ते आधी दाखवा, नुसत्या कानाला जुळण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. आम्ही शाळेत खनन, वहन, संचयन असं त्रिकूट शिकलो. सांजवातताई, तुमच्या बेटावर तिन्ही एका वादळात होतात. मग एकट्या खननाला अख्ख्या घटनेचं नाव का द्यायचं?

खारावारा
मी नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅटरस बेटावर जाऊन आलोय. तिथला दीपस्तंभ १८७० साली बांधला तेव्हा समुद्र साधारण साडेचारशे मीटर लांब होता. १९९९ मध्ये अख्खा दीपस्तंभ रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत हलवावा लागला. त्याच बेटावर उत्तरेला रोडँथी गाव आहे. २०२० पासून तिथली घरं एकामागून एक समुद्रात पडताहेत. मी पाहिलेलं एक घर लाकडी खांबांवर उभं होतं. खांबांखालची वाळू गेलेली, जिन्याची शेवटची पायरी हवेत, सांडपाण्याची टाकी उघडी पडलेली, आणि लाटा खांबांमधून आरपार जात होत्या. तिथे माझ्या तोंडून ‘धूप’ आलं नाही. ‘समुद्र आत आलाय’ एवढंच आलं. आपल्या बोलीत तेच म्हणतात, तेच लिहा.

सांजवात
खारावारा, वाक्य जिवंत आहे, पण त्यात गुन्हा समुद्राच्या माथी जातो. लेखकाचा रोख नेमका उलटा आहे. त्याचं उदाहरण मेरीलँडमधल्या ओशन सिटीचं. १९३३ च्या चक्रीवादळाने बेट फोडून नवी वाट पाडली. ती बोटींना सोयीची म्हणून दोन्ही बाजूंना दगडी जेट्टी घालून कायमची उघडी ठेवली. वाळू तिथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, ती जेट्टीपाशी अडली आणि दक्षिणेच्या असाटीग बेटाची उपासमार सुरू झाली. नकाशात पाहा, असाटीगचं उत्तर टोक मुख्य भूमीकडे मागे सरकलेलं दिसतं.

तळटीप
थांबा, इथे मोठा घोळ आहे. मराठी वाचकाची जेट्टी म्हणजे बोट लागते तो धक्का. धक्क्याने बेट उपाशी कसं मरेल, असं तो विचारेल. ‘मुखाशी समुद्रात घातलेला दगडी बांध’ असं उलगडून लिहा.

पाटीपेन्सिल
बांध शेताला असतो. बंधारा म्हणा.

खारावारा
बंधारा पाणी अडवतो. हा वाळू अडवतो.

जुनी वही
बेटाच्या नावाबद्दल. अमरकोशात ओळ आहे, ‘तोयोत्थितं तत्पुलिनम्’. पाण्यातून वर आलेलं ते पुलिन. आपली पुळण तीच. शिवाय द्वीप म्हणजे मुळात दोन्हीकडे पाणी असलेलं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाजण, याहून नेमकं काय हवं? ‘पुळणबेट’ म्हणा. रोधक म्हटलं की ते कुणाला तरी अडवायला उभं आहे असं वाटतं. वाळू अशी उभी राहत नाही.

पाटीपेन्सिल
पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, वाचकाला तेवढंच माहीत आहे. अमरकोश उशाला घेऊन कोण वाचतं? बॅरिअर आयलंड असंच देवनागरीत लिहा, दोन पानांत सवय होईल. शब्द घडवायचा हट्ट कशाला?

जुनी वही
हट्ट नाही. पुळण हा चालता शब्द आहे, मी घडवलेला नाही. आणि नावं किती बोलतात पाहा. लुइझियानात ‘ईल देर्निएर’, म्हणजे ‘शेवटचं बेट’, नावाचं एक बेट होतं. श्रीमंतांचं उन्हाळी ठिकाण. ऑगस्ट १८५६ च्या वादळाने तिथली वस्ती पुसली, शेकड्याने माणसं गेली. पुढे बेटाचे तुकडे होत गेले, आणि आज नकाशावर तेच नाव अनेकवचनात छापतात.

सांजवात
एकवचनाचं अनेकवचन झालं हे वाचून अंगावर काटा आला. तळटीप घालतेच. आणखी एक अडलंय, ‘बीच नरिशमेंट’. समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर ओततात. ओशन सिटीत हे साधारण दर चार वर्षांनी करावं लागतं. ‘पोषण’ लिहायला हात धजत नाही.

तळटीप
‘वाळूची भर’. पोषणाने अंगी लागतं, ही वाळू पुढच्या वादळात जाते.

खारावारा
भर बरोबर. आणि मूळ प्रश्नाचं उत्तर असाटीगवरच आहे. तिथेही रिसॉर्टसाठी प्लॉट पाडले होते, डांबरी रस्ता झाला होता. मार्च १९६२ च्या वादळाने ते सगळं मोडलं. १९६५ साली तो ‘राष्ट्रीय सागरकिनारा’, म्हणजे संरक्षित क्षेत्र झाला. त्या रस्त्याचे डांबराचे तुकडे आजही वाळूत दिसतात. तेच बेट १९६२ पर्यंत धुपत होतं आणि नंतर सरकायला लागलं, असं लिहिणार का?

सांजवात
हो, तसंच लिहावंसं वाटतंय. जिथे कुणाचं घर आहे त्या वाक्यात ‘धूप’, बेट मोकळं आहे तिथे ‘सरकणं’. संपादक काय म्हणतील ते म्हणोत.

तळटीप
एका संज्ञेला एकाच प्रकरणात दोन प्रतिशब्द? सूचीत काय देणार?

पाटीपेन्सिल
आणि ‘पुळणबेट’ला माझा विरोध कायम आहे.