सारखा भाव म्हणजे साटंलोटंच का? धरमपेठवाल्या भाऊंना उत्तर

इतवारीचा_नातू

काल धरमपेठवाल्या भाऊंनी एआय ॲपच्या वर्गणीवर लिहिलं, "चॅटजीपीटी घ्या, क्लॉड घ्या, नाही तं जेमिनी घ्या, महिन्याचे वीस डॉलरच. बंद खोलीत बसून ठरवलेला भाव आहे हा, अन् आपण भैताडासारखे भरून राहिलो." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्री साडेअकराला वाचलं अन् झोप उडाली. म्हणून लांबण लावतो, सहन करा.

आमचं किराण्याचं ठोक दुकान नागपूरच्या इतवारीत, तीन पिढ्यांचं. आजोबा शटर उचलायच्या आधी कोपऱ्यावर चहाला जात. दहा मिनिटांचा चहा, पण त्यात हळद, जिरं, साखर, सगळ्यांचे भाव कळून येत. परतले की पाटीवर खडूनं आकडा. समोरच्या दुकानातही तोच. दोघांचं आपसात बोलणं बंद होतं, नालीवरून भांडण झालेलं. तरी आकडा तोच! कारण गिऱ्हाईक दोन्हीकडे विचारून येतो हे दोघांनाही पक्कं माहीत. रुपया जास्त लावला तर माल पडून राहते. रुपया कमी लावला तर समोरचा दुपारपर्यंत खाली येते, अन् मग दोघांचाही रुपया गेला. मग कोण कमी करणार?

वीस डॉलरचंही तेच आहे. ओपनएआयनं फेब्रुवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटीचं प्लस सुरू केलं, वीस डॉलर. सप्टेंबरात क्लॉड प्रो आलं, वीस. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टचं कोपायलट प्रो, वीस. पुढच्याच महिन्यात गुगल, १९.९९. एक सेंट कमी, बाटाच्या चपलेवाली अक्कल. पहिल्यानं पाटी लावली, बाकीच्यांनी ती वाचली. याला बंद खोली कायले लागते?

अन् भाव सारखा म्हणून माल सारखा नसतो. बिस्किटच्या पुड्यावर दहा रुपये तसेच राहतात, आतले ग्रॅम कमी होत जातात. वीस डॉलरात कोण किती वेळ चालू देते अन् कधी "मर्यादा संपली, नंतर या" म्हणते, खरी मारामारी तिथं आहे. माझं फ्लेक्स अन् डिझाइनचं काम. गणपतीच्या आठवड्यात चाळीस मंडळांचे बॅनर, अन् मी पैसे भरलेलं दुकान दुपारी तीनला बंद! दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर तिचं साडेचारला बंद. पैसे दोन्हीकडे सारखेच. माझा दीड तास वाढला, हाच काय तो फरक.

शेवटचं. ओपनएआयचा प्रमुख ऑल्टमन यानं जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच जाहीर सांगितलं की चॅटजीपीटीच्या २०० डॉलरवाल्या प्रोमध्ये त्यांना तोटा होऊन राहिला, लोक अंदाजापेक्षा जास्त वापरतात. अन् तो भाव म्हणे त्यानंच ठरवला होता. साटंलोटं करणारा माणूस असा घाट्यात बसते का?

धरमपेठ_एक्स्प्रेस

आजोबांना नमस्कार. हळद विकणारे इतवारीत पन्नास होते, खासगी मोबाईलवाले तीन आहेत. हा फरक खडूनं पुसता येत नाही.

जून २०२४ आठवा. २७ तारखेला जिओनं वाढ जाहीर केली, २८ ला एअरटेल अन् व्हीआयनं (व्होडाफोन आयडिया). अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन जिओचा २३९, एअरटेलचा २६५, व्हीआयचा २६९. वाढ झाल्यावर? २९९, २९९, २९९. तिघं तीन गावांहून निघाले अन् एकाच धर्मशाळेत उतरले. वर्षाचा पॅक जिओ अन् एअरटेल दोघांचाही २९९९ चा ३५९९. हाही चहाच्या टपरीवर कळला का?

तिखट_सावजी

नातू भाऊ, कोणत्या कंपनीचे पैसे पोहोचले? आम्हालेही वाटा द्या 😂

इतवारीचा_नातू

@तिखट पैसे मी भरतो बे, मले कोणी देत नाही. बिल टाकू का?

@धरमपेठ जाहीर कोणासमोर केलं? सगळ्या टीव्हीवर. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी वाढवलं यात गुप्त काय आहे? पहिल्यानं हिंमत केली, बाकीचे वाटच पाहून होते. अन् २९९ सारखे असले तरी जिओचा रोजचा डेटा तेव्हा दीड जीबी होता, बाकी दोघांचा एक. पुन्हा तेच, ग्रॅम पाहा.

ताळेबंद

सकाळपासून दोघांचंही वाचतेय. कायद्यात सारखा भाव हा गुन्हा नाही, आपसात ठरवून सारखा ठेवणं गुन्हा आहे. स्पर्धा कायदा २००२, कलम ३. मोबाईलचे दर ट्राय (दूरसंचार नियामक) ठरवून देत नाही, ती मोकळीक कंपन्यांनाच आहे. त्यामुळे एकानं वाढवलं आणि दुसऱ्यानं पाहून वाढवलं, एवढ्यावर कोणी अडकत नाही.

पण नातू, "बंद खोली नसतेच" असंही नाही. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींच्या वर दंड ठोकला. त्यात नुसते सारखे भाव पाहिले नाहीत. कंपन्यांच्या संघटनेच्या बैठका, त्यात फिरणारी भावाची माहिती, कारखान्यांची क्षमता असूनही कमी ठेवलेलं उत्पादन, हे सगळं पाहिलं. तो आदेश आधी अपिलात रद्द झाला, आयोगानं २०१६ मध्ये पुन्हा दंड लावला, तो २०१८ मध्ये अपिलात कायम राहिला, पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सिमेंटचं पोतं चंद्रपूरकडून येतं, त्यामुळे आपल्याकडे हे सगळ्यांना तोंडपाठ असायला हवं.

बेसा_रिटायर्ड

सिमेंट, मोबाईल, वीस डॉलर, सगळं राहू द्या. ट्रॅव्हल्सचं कोणी का बोलत नाही?

मुलगी पुण्यात, हिंजवडीला. दिवाळीला यायचं म्हणून महिनाभर आधी पाहिलं, तर स्लीपरचे बाराशे. सुट्टी मंजूर व्हायला वेळ लागला. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीचं पाहिलं तर ३८००. दुसरी कंपनी, ३८००. तिसरी, ३७९९. पाच गाड्या, पाच मालक, एकच आकडा. मी निवृत्त मास्तर आहे, पेपरात पाच पोरांचं उत्तर चुकीच्याच जागी सारखं आलं की मला कळतं काय झालं ते.

२०१८ चा शासन निर्णय आहे, खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. कुठे आहे तो?

काउंटरवाला

काका नमस्कार. मी गणेशपेठले काउंटरवर बसतो, चौदा वर्षं झाले. मालक नाही, कमिशनवर आहो. शिव्या मलेच पडतात म्हणून बोलतो.

पुण्याहून दिवाळीच्या आधी जेवढ्या गाड्या नागपूरले भरून येतात, तेवढ्याच रात्री इथून पुण्याले रिकाम्या जातात. छत्तीस सीटच्या गाडीत सात माणसं! डिझेल तेवढंच, समृद्धीचा टोल तेवढाच, दोन ड्रायव्हर तेवढेच. एका बाजूच्या तिकिटात दोन्ही बाजूचा खर्च निघते. भाऊबीज झाली की उलटं.

अन् पाच मालक एक आकडा कसा, ते सांगतो, जवळून पाहिलं आहे. ॲपवर सगळ्यांले सगळ्यांचा रेट दिसते. आमचा पोरगा मोबाईल घेऊन तेच पाहत बसते. समोरच्याच्या सहा सीटा उरल्या अन् त्यानं ३२०० चे ३५०० केले, की हा चहाचा कप खाली ठेवते अन् आमचे ३५०० करते. दहा मिनिटात लाइन सरळ. फोन नाही, मीटिंग नाही. नातूभाऊ बोलले तेच, फक्त पाटी मोबाईलवर आली.

इतवारीचा_नातू

हे घ्या! खुद्द काउंटरवाल्याच्या तोंडून.

बेसा_रिटायर्ड

काउंटरवाले, आपण प्रामाणिकपणे बोललात, म्हणून "आपण" म्हणतोय. पण रिकाम्या गाडीचा हिशोब मला नका शिकवू. रिकामी गाडी एसटीचीही जाते, ती काय तिप्पट घेते? जानेवारी २०२५ मध्ये एसटीनं १४.९५ टक्के वाढवले तर केवढा गाजावाजा झाला. तुमची दोनशे टक्क्यांवरची वाढ रात्री साडेदहाला एका बोटानं होते.

आणि मुळात आमची लेकरं पुण्याला का? मिहानसाठी (विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प) शिवणगावच्या, खापरीच्या लोकांच्या जमिनी घेतल्या, पंचवीस वर्षं झाली ऐकतोय की आता येतात कंपन्या. अर्ध्या जरी आल्या असत्या तरी माझ्या मुलीला बर्दीवरून (सीताबर्डी) सिटी बसनं नोकरीला जाता आलं असतं. हे ३८०० रुपये मी ट्रॅव्हल्सला नाही, मिहानच्या नावानं भरले.

तिखट_सावजी

झालं. वीस डॉलरची गाडी मिहानच्या फाटकावर पोहोचली. आता अजनी स्टेशनपर्यंत नेऊन सोडा 😂

ताळेबंद

अजनीचं निघालंच म्हणून, १० ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली ना? काका, त्यात पाहिलं नाही?

बेसा_रिटायर्ड

पाहिलं. वेटिंग. आणि दिवसाची गाडी, बारा तास बसून यायचं म्हणजे सुट्टीतला एक दिवस गेला. मॅडम, सल्ला देणं सोपं असतं.

ताळेबंद

सल्ला नव्हता काका, विचारलं फक्त. दीडपटीच्या निर्णयावर तुमचं पूर्णपणे बरोबर आहे. तिकिटाचा फोटो ठेवला असेल तर आरटीओकडे तक्रार करा. एसटीच्या कोणत्या गाडीच्या दीडपट धरायचं, साधी की एसी स्लीपर, यावरच ट्रॅव्हल्सवाले वाद घालतात, तेवढी तयारी ठेवून जा.

काउंटरवाला

तक्रार करा काका, पण काउंटरच्या पोऱ्यावर नका करू. रेट मालकाचा.

धरमपेठ_एक्स्प्रेस

काउंटरवाल्यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला, अन् नातू टाळ्या वाजवून राहिला. खोली बंद असो की ॲप उघडं असो, माझ्या खिशातून गेले तेवढेच ना? "आम्ही बोललो नाही, फक्त पाहिलं" हे ऐकून माझे पैसे परत येतात का?

आता माझी गोष्ट ऐका. आमच्या चौकात दोन पोहेवाले. तर्री पोहे, वीस रुपये प्लेट, वर्षानुवर्षं. दोघांत बोलणं नाही, नातूच्या आजोबांसारखंच. एकानं पंचवीस केले, दुसऱ्यानं त्याच दिवशी पाटीवरच्या शून्यावर पाच गिरवला. खालचा शून्य अजून दिसते. ठीक आहे, मानलं, पाटी वाचली. मग तिसरा आला. बुटीबोरीकडचा पोरगा, वीसच रुपये, तर्री जास्त, वरून चिवडाही मोकळ्या हातानं. पंधरा दिवस रांग लागली. सोळाव्या दिवशी अतिक्रमणवाले आले अन् फक्त त्याचा ठेला उचलला. बाकी दोन ठेले तिथंच! अन् त्या संध्याकाळी न बोलणारे ते दोघं एका बाकावर बसून चहा पिताना मी या डोळ्यांनी पाहिले.

भाव सारखा कसा झाला हे तुम्ही सांगितलं. तिसरा आल्यावर काय होते ते सांगा.

इतवारीचा_नातू

...

बरं. हे चांगलं मारलं. चिडून लिहिलं होतं, हा भाग राहिला माझा.

आजोबांच्या वेळीही एक होता तसा, खरं सांगायचं तर. मस्कासाथच्या बाजूनं नवा आला, साखर स्वस्त देत होता. त्याले गाडीवालेच मिळेनात. आमच्या घरी हा किस्सा हसत सांगतात. आज सांगताना हसू आलं नाही, एवढं लिहून ठेवतो. खूश?

तरी वीस डॉलरवर मी हटणार नाही. तिथं तिसरा, चौथा, पाचवा रोज येऊन राहिला अन् कोणी ठेला उचलू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चीनचं डीपसीक आलं, फुकट. ऑगस्टमध्ये ओपनएआयनंच भारतासाठी ३९९ रुपयांचं स्वस्त 'गो' काढलं, अन् नोव्हेंबर २०२५ पासून तेही वर्षभर फुकट. एअरटेलनं पर्प्लेक्सिटी नावाचं एआय वाटलं, जिओनं जेमिनी. साटंलोटं असतं तर हे झालं असतं का?

धरमपेठ_एक्स्प्रेस

फुकट? सप्टेंबर २०१६ आठवते का? तेव्हाही जिओ फुकट होतं, मार्च २०१७ पर्यंत. मैदानात किती दुकानं होती तेव्हा, अन् आज किती उरली? मोजा. फुकट देणारा कायमचा फुकट देत नाही, बाजूच्याचं शटर पडायची वाट पाहते. मग २९९, २९९, २९९.

ताळेबंद

हे मात्र नोंद करण्यासारखं.

तिखट_सावजी

दोघांनी एकमेकांचं ऐकलं. नागपुरात हे पहिल्यांदा झालं. सावजी माझ्याकडून, बिल तुम्ही द्या.

काउंटरवाला

काका, मुलगी परत कधी चालली पुण्याले? मले मेसेज करा. ॲपवरून नाही, काउंटरवरून देतो. मालकाले सांगतो ओळखीतले आहेत.

बेसा_रिटायर्ड

ती गेली परत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. ३६०० ला. पण धन्यवाद, नंबर ठेवतो.

धरमपेठ_एक्स्प्रेस

जाऊ द्या. आता हे सांगा, मी दर महिन्याले १९९९ भरून राहिलो चॅटजीपीटीचे, अठरा टक्के जीएसटी धरून. गुगलवाल्याचे १९५०. घ्यायचं कोणतं? सरळ उत्तर द्या, आजोबा नका सांगू.

इतवारीचा_नातू

भाऊ, घरात कोणाचं जिओ आहे? अनलिमिटेड ५जी वाला प्लॅन?

धरमपेठ_एक्स्प्रेस

पोराचं अन् माझं, दोन्ही. काऊन?

इतवारीचा_नातू

मायजिओ उघडा अन् वरची पट्टी पाहा. जेमिनी प्रो, अठरा महिने.

धरमपेठ_एक्स्प्रेस

हाव बे. आहे.

कालच कार्डावरून १९९९ कापले गेले.

तिखट_सावजी

😂😂😂