रस्ता रुंद करायचा की बसला वेगळी मार्गिका द्यायची? लोकांची मतं गोळा केलीत, आता निवेदनात लिहू काय?

कावेरी_ल

आमच्या घरांसमोरून जाणाऱ्या मुख्य रस्त्याचा आराखडा पालिकेने लोकांपुढे ठेवलाय. पर्याय दोन. पहिला, दोन्ही कडेची मोठी झाडं काढून प्रत्येक दिशेला एकेक मार्गिका वाढवायची. दुसरा, रुंदी आहे तेवढीच ठेवायची, कडेचं पार्किंग उठवायचं आणि ती जागा बसला द्यायची. हरकती-सूचनांची मुदत सुरू झाली आहे आणि रहिवाशांच्या वतीने निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. (बैठकीला वेळेवर पोचलं की असं होतं.)

दारोदार फिरून मतं लिहून घेतली. आता वही उघडली की डोकं गरगरतं. एकच गृहस्थ पहिल्या वाक्यात सांगतात की धुराने दम लागतो, आणि दुसऱ्यात बजावतात की पार्किंगला हात लावाल तर याद राखा. एका काकांना झाडं हवीत, पण समोरच्या बाजूची. त्यांच्या बाजूच्या झाडाची पानं गाडीवर पडतात म्हणे. थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांशीही बोलले, तर त्यांतल्या बऱ्याच जणांना असा काही आराखडा आहे हेच ठाऊक नव्हतं.

अडलंय ते दोन ठिकाणी. रुंदीकरणवाले म्हणतात, वाहनं अडकली नाहीत की धूर आपोआप कमी होतो. ऐकायला पटतं, पण खरं आहे का? आणि एवढी परस्परविरोधी मतं एका कागदावर मांडायची कशी? आमचे अध्यक्ष म्हणतात, हात वर करायला लावा आणि विषय संपवा.

चौकटीबाहेर

अध्यक्षांचं ऐका. वाहनं दरवर्षी वाढताहेत, ती काय आकाशातून जाणार? झाडं दुसरीकडे लावता येतात, रस्ता दुसरीकडे लावता येत नाही. आणि त्या बसचं कौतुक पुरे, निम्म्या वेळा रिकामी धावते.

जुना_टाइमकीपर

ताई, माझी सगळी नोकरी बसच्या वेळापत्रक विभागात गेली. तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघड आहे, तेवढं वजा करून वाचा.

आधी धुराचं. तुंबलेल्या रस्त्यावर सरकत जाणारी मोटार, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या मोटारीपेक्षा दर किलोमीटरला बरंच जास्त इंधन जाळते. इथवर रुंदीकरणवाल्यांचं बरोबर आहे. पण हा हिशेब झाला एका गाडीचा. रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीत जातो तो सगळ्या गाड्यांचा धूर, आणि रस्ता मोकळा झाला की गाड्या तेवढ्याच राहत नाहीत. गर्दी टाळून उशिरा निघणारा पुन्हा ऐन वेळी निघतो. आडरस्त्याने जाणारा मुख्य रस्त्यावर येतो. बसमधला एखादा दुचाकी घेतो. काही वर्षांनी लोक लांब राहायला जातात, कारण आता तिथून येणं परवडतं. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे मांडलं होतं. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ मध्ये मान्य केलं की नव्या रस्त्याने नवी वाहतूक तयार होते. पुढे २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर यांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गाच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढल्या जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेलं अंतर वाढलेलं दिसलं. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तो २६ मार्गिकांचा आहे. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबत गेला.

उलटंही घडतं. सोलमध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ मध्ये पाडायला घेतला. रोज दीड लाखाहून जास्त गाड्यांचा तो रस्ता होता. शहर ठप्प होईल अशी भाकितं झाली, तसं काही झालं नाही. मात्र हेही लक्षात घ्या की त्याच सुमारास, २००४ मध्ये, तिथे बससेवा मुळापासून बदलली, रस्त्याच्या मधोमध बसच्या मार्गिका काढल्या. नुसता रस्ता पाडून ते जमलं नसतं.

आता चौकटीबाहेर यांच्या रिकाम्या बसबद्दल, कारण हा माझा विषय आहे. समजा एका मार्गावर सहा गाड्या आहेत आणि जाऊन-येऊन एका फेरीला एक तास लागतो. म्हणजे दर दहा मिनिटांनी बस. रस्ता तुंबला, फेरी दीड तासाची झाली. गाड्या त्याच सहा, चालक-वाहक तेवढेच, पण बस आता पंधरा मिनिटांनी. त्यातही पहिली अडकते, मागची तिला गाठते, आणि थांब्यावर बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ तीन. पहिलीत पाय ठेवायला जागा नसते, तिसरी रिकामी. तुम्हाला दिसते ती ही तिसरी! महिन्याच्या भारमानाच्या (बस किती भरली त्याच्या) तक्त्यात मात्र तिघींची सरासरी जाते, ती बघून वरचा साहेब म्हणतो मार्ग तोट्यात आहे, एक गाडी काढा. मी असे किती कागद फिरताना पाहिलेत. बसला मार्गिका दिली तर तोच हिशेब उलटा चालतो, नवी गाडी न घेता फेऱ्या वाढतात.

जागेचं गणितही निवेदनात घाला. साधारण तीन मीटरच्या एका मार्गिकेतून मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच मार्गिका फक्त बसना दिली आणि बस वारंवार सोडल्या, तर ४,००० ते ८,०००. अट "वारंवार" या शब्दात आहे. अर्ध्या तासाने एक बस येणार असेल तर ती मार्गिका ओस पडलेली दिसेल आणि चौकटीबाहेर यांचा मुद्दा खरा ठरेल. म्हणून फेऱ्या किती वाढवणार, हे पालिकेकडून लेखी मागा.

राहिलं हात वर करणं. ते आत्ता अजिबात करू नका. एडिनबरामध्ये २००५ मध्ये गर्दीशुल्कावर, म्हणजे शहराच्या गर्दीच्या भागात गाडी आणण्यासाठी भरायच्या पैशांवर, आधीच मत विचारलं, सुमारे ७४ टक्के लोक नाही म्हणाले. ग्रेटर मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ मध्ये विचारलं, ७९ टक्के नाही. स्टॉकहोममध्येही सुरुवातीला विरोधच जास्त होता. पण तिथे आधी जानेवारी ते जुलै २००६ शुल्क लावून पाहिलं, शुल्कक्षेत्राच्या सीमेवरची वाहतूक पाचव्या हिश्श्याने घटली, शुल्क थांबवलं तशी बरीच परत आली, आणि मग सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. निसटतं का होईना, बहुमत बाजूने पडलं. शुल्क २००७ पासून कायम झालं आणि नंतर पाठिंबा वाढतच गेला. न पाहिलेल्या गोष्टीवर माणूस मत देतो तेव्हा तो आपल्या धास्तीवर मत देतो. तुमच्या वहीतही तेच उतरलंय, त्यात लोकांचा दोष नाही. तेव्हा "आम्हाला अमुक पर्याय हवा" असं लिहू नका. लिहा की दुसरा पर्याय प्लास्टिकचे खांब आणि रंग वापरून काही महिने करून दाखवा, आधीचे आणि नंतरचे आकडे जाहीर करा, मग विचारा. झाडं काढून पाहू, नाही जमलं तर परत ठेवू, असं पहिल्या पर्यायाचं होत नाही.

गोम_शोधक

टाइमकीपर काकांनी स्टॉकहोम सांगितलं, गोथेनबर्ग गाळलं. देश तोच. तिथे शुल्क जानेवारी २०१३ मध्ये सुरू झालं, लोकांनी दीड वर्षाहून जास्त अनुभव घेतला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ५७ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. मतदान सल्ल्यापुरतं असल्याने शुल्क तरीही चालू राहिलं. तेव्हा करून दाखवलं की लोक वळतातच, असं गृहीत धरू नका. आणि स्टॉकहोमच्या शेजारच्या ज्या नगरपालिकांनी स्वतःहून मतदान घेतलं, त्यांची मतं एकत्र केली तर तिथे नकार जास्त होता. शहराबाहेरून येणाऱ्याला वेगळं वाटलं, एवढाच त्याचा अर्थ.

कुणाला विचारलं हाही प्रश्न आहेच. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये जड मोटारींच्या वाढीव पार्किंग शुल्कावर मत घेतलं. बाजूने ५४ टक्क्यांहून जास्त मतं पडली, पण मतदानाला आले होते सहा टक्क्यांहून कमी लोक. कावेरीताई, तुमच्या वहीत दारावर भेटलेले आणि थांब्यावर भेटलेले यांची पानं वेगळी ठेवा आणि निवेदनात दोन्ही वेगळी द्या. एकत्र बेरीज केलीत तर थांबेवाले बुडतील.

हवा मोजणार असाल तर आणखी एक. पावसाळ्यातली हवा उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ असतेच, त्याचं श्रेय बसच्या मार्गिकेला जायला नको. त्याच दिवसांत शेजारच्या, काहीच न बदललेल्या रस्त्यावरही मोजायला सांगा, तुलना त्याच्याशी.

छोटा_टेम्पो

सगळे मोटार आणि बसवर बोलताहेत. मी माल पोचवतो. कडेचं पार्किंग गेलं तर मी गाडी लावू कुठे? बसच्याच मार्गिकेत लावणार, दुसरा इलाज नाही. मग तुमची बस माझ्यामागे उभी. निवेदनात एवढं टाका, की आडगल्लीच्या तोंडाशी माल उतरवायला राखीव जागा आणि ठराविक वेळ द्या. दिवसभर एकच गाडी लावून ठेवणाऱ्याला तिथून हलवा, त्याच्या एका जागेत आमच्यासारखे कितीतरी जण येऊन जातात.

जुना_टाइमकीपर

टेम्पोवाले दादा, हे मी लिहायला हवं होतं. मार्गिका सगळ्यात जास्त अशाच थांबलेल्या गाड्यांनी बिघडते.

झाडवाली

"झाडं दुसरीकडे लावता येतात" यावर थोडं. जुन्या झाडाची सावली पानांच्या एकूण पसाऱ्यावर ठरते. एका मोठ्या झाडामागे पाच-दहा रोपं लावली तरी ती सावली यायला दशकं लागतात, तीही जगली तर. पुनर्रोपणाचं आश्वासन मिळेल, पण पूर्ण वाढलेल्या झाडाची बहुतेक मुळं तोडूनच ते उचलावं लागतं, त्यामुळे मागाहून त्याची निगा कोण आणि किती वर्षं राखणार ते विचारा. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा यांची यादी मागा. नुसता आकडा घेऊ नका.

पण झाडं धूर शोषतात म्हणून ती वाचवा, असं मात्र लिहू नका. उंच इमारतींच्या मधल्या अरुंद रस्त्यावर दाट पालवीखाली धूर उलट कोंडतो. हा मुद्दा समोरचा अभियंता दोन मिनिटांत खोडेल आणि तुमचं बाकीचं निवेदनही त्याबरोबर पडेल. सावलीवर जोर द्या. सावली गेली की माणूस थांब्यापर्यंत चालत जायचं टाळतो, मग बसची मार्गिका करूनही उपयोग काय?

चौकटीबाहेर

मला विजेची मोटार घ्यायची आहे, तिला धूर नाही. तिच्यासाठी तरी रस्ता रुंद करा!

गोम_शोधक

नळीचा धूर नाही, हे खरं. टायर झिजून उडणारी बारीक धूळ आहेच, आणि बॅटरीमुळे गाडी जड. ब्रेकची धूळ मात्र कमी होते, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते. घ्या खुशाल. जागा ती तेवढीच घेणार.

कावेरी_ल

सगळ्यांचे आभार. निवेदनाचा साचा बदलतेय. वर कुठल्याच पर्यायाला पाठिंबा नाही. आधी मागण्या: दुसरा पर्याय तात्पुरता करून दाखवा, शेजारच्या रस्त्यासकट आधी-नंतरची मोजणी करा, बसच्या फेऱ्यांचा लेखी आकडा द्या, माल उतरवायच्या जागा दाखवा, झाडांची यादी द्या. खाली मतं दोन गटांत, ज्याच्या त्याच्या शब्दांत. पानंवाल्या काकांचं मतही ठेवलंय. अध्यक्ष कुरकुरले, पण "हात वर करणं रद्द नाही, पुढे ढकललंय" म्हटल्यावर गप्प बसले.

"आधीची" मोजणी पालिका करेलच याची खात्री नाही, तेव्हा आमची आम्ही करून ठेवावी म्हणते. कॉलेजची काही मुलं तयार आहेत. नेमकं काय मोजायचं?

जुना_टाइमकीपर

माणसं मोजा. गाड्या मोजल्यात तर चाळीस माणसांची बस आणि एकट्याची मोटार सारखीच ठरतात. सणाचा, सुट्टीचा आणि परीक्षांचा आठवडा टाळा, मधल्या वारी सकाळ-संध्याकाळ मोजा. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडा. पायी, सायकल, दुचाकी, मोटार, बस, माल, असे स्तंभ. चालणाऱ्यांसाठी एक मूल वेगळं ठेवा, नाहीतर घाईत तेच पहिले सुटतात. बसची वेळ प्रत्यक्ष आली ती लिहा, फलकावरची नको. आणि बसमधली गर्दी मोजणारा थांब्याच्या थोडा पुढे उभा राहू दे. चढणं-उतरणं आटपून बस निघाली की आत किती आहेत ते खिडक्यांतून बरं दिसतं.